भालेराव फक्त पाणी मोजतात

विश्वास भालेरावने उभ्या आयुष्यात बियर चाखलेली नाही, आणि तरी दीड वर्षात बियरचे सतरा घाणे त्याच्या हाताखालून गेले. घाणा हा शब्द त्याचाच. गावाकडे आई भजी तळताना म्हणायची, एवढा घाणा काढते आणि येते. सिंगापुरात साहेबांच्या कॉन्डोच्या स्वयंपाकघरात चाळीस लिटरच्या पातेल्यापुढे उभं राहिल्यावर ‘बॅच’ म्हणायला त्याची जीभ वळेना, तेव्हा हा शब्द कामाला आला. बियर तुम्ही करता का, असं कुणी विचारलं तर मात्र तो लगेच म्हणायचा, ‘नाही, मी फक्त पाणी मोजतो.’

आता बियरमध्ये मोजण्यासारखं पाण्याशिवाय असतं तरी काय? इंटरनेटवरच्या अमेरिकन कृतीत लिहिलेलं असतं पाच गॅलन, म्हणजे आपले एकोणीस लिटर. एखादा भाबडा माणूस मोजून एकोणीस लिटर पाणी पातेल्यात ओततो आणि शेवटी त्याच्या हाताला सात लिटर लागतात. कारण ते एकोणीस शेवटचे असतात, पहिले नव्हेत. पाच किलो मोड आणून वाळवलेले सातू, म्हणजे बार्ली, गरम पाण्यात भिजवले की चोथा किलोमागे लिटरभर पाणी पिऊन बसतो आणि कितीही निथळत ठेवला तरी परत देत नाही. नंतर तासभर खळखळ उकळताना चार लिटरची वाफ होते. गार होताना लिटरभर आकसतं. हॉप्सच्या कडू फुलांचा गाळ तळाशी दोन लिटर अडवून ठेवतो. तेव्हा शेवटाकडून उलटं चालत जायचं: एकोणीस अधिक दोन, अधिक एक, अधिक चार, अधिक पाच. झाले एकतीस. त्यातलं निम्मं सातू भिजवायला, निम्मं वरून ओतून धुऊन काढायला. हे गणित पाचवीच्या पोराला जमेल, पण हाताखाली शंभर माणसं असलेल्या साहेबांना, म्हणजे चंद्रशेखर सरांना, त्यातले चार लिटर सापडेनात, आणि तिथेच विश्वास अडकला.

तो पाणी शुद्ध करणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत प्रोसेस इंजिनिअर होता. टाकीत किती गेलं, किती बाहेर आलं, मधलं कुठे मुरलं, हे शोधण्यावर त्याचं पोट चालायचं. २०१२च्या शेवटी सरांनी ऑफिसातल्या मराठी मंडळींना घरी जेवायला बोलावलं आणि हौसेने आपली पहिली घरगुती बियर पुढे केली. मंडळींनी तोंड वाकडं न करता घोट घेतले. सर मात्र प्रामाणिक माणूस. म्हणाले, ‘पाणचट झालीय रे. आणि उकडलेल्या कणसासारखा वास येतोय. मला मिळालेल्या कृतीत पूर्ण पाणी दिलं होतं, तेवढंच घेतलं, एकतीस. एकोणीस निघायला हवे होते, तेवीस निघाले.’

विश्वासच्या हातात लिंबाचं सरबत होतं. तोंड मिटून बसला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण चार लिटरचा पत्ता लागत नाही म्हटल्यावर या गृहस्थाच्या डोक्यात किडा वळवळायला लागतो.

‘सर, उकळताना झाकण होतं का?’

‘होतं की. नुसतं झाकण नाही, वर परातीत पाणी ठेवलं होतं. आई भाजीवर ठेवायची ना, खाली लागू नये म्हणून.’

‘मग वाफ बाहेर गेलीच नाही, सर. परातीच्या पाण्याने गार होऊन परत आत पडली. तुमचे चार लिटर तेच. आणि तो वासही बहुतेक वाफेबरोबर जायचा असेल, तो आतच राहिला.’

मराठी माणसाखेरीज असलं झाकण बियरवर कुणी ठेवणार नाही, आणि ते ओळखायलाही मराठी माणूसच लागतो. सर खूश झाले. त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘पुढच्या महिन्यात तू ये. तुझ्याशिवाय आता मी पातेलं चढवत नाही.’ हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेव्हापासून महिन्यातून एका शनिवारी बुकित पंजांगच्या भाड्याच्या फ्लॅटमधून तो सकाळी निघायचा आणि दोन बस बदलून सरांच्या घरी जायचा. त्याने एक लाकडी पट्टी करून घेतली होती, तिच्यावर लिटर-लिटरच्या खुणा. ती पातेल्यात बुडवायची, वाचायची, वहीत लिहायची. चव घेणं, वास घेणं सरांकडे. नाही म्हणावंसं त्याला दर वेळी वाटायचं. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागतं, आणि कारण सांगायची वाट त्याने स्वतःच बंद करून घेतली होती.

कंपनीत लागला त्या पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं होतं, ‘भालेराव म्हणजे कुठले? आमच्या आत्याच्या सासरचे भालेराव नाशिकचे.’ तो म्हणाला, ‘आम्ही परभणीकडचे.’ ‘अच्छा, मराठवाड्यातले देशस्थ,’ असं म्हणून सरांनी उत्तर स्वतःच देऊन टाकलं आणि विश्वास गप्प राहिला. भालेराव ब्राह्मणांत असतात, तसे बौद्धांतही असतात, आणि तो बौद्ध होता. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. औरंगाबादला कॉलेजात आणि नंतर पुण्याच्या पहिल्या नोकरीत त्याने पाहिलं होतं की आडनावानंतर दुसरा प्रश्न कोणता येतो आणि त्याच्या उत्तरानंतर माणसांचा आवाज कसा बदलतो. सिंगापुरात तो प्रश्न आपोआप टळला, याचं त्याला त्या दिवशी बरंच वाटलं होतं. तो खोटं बोलला नव्हता. कुणी चुकीच्या खुर्चीत बसवलं आणि तो उठला नाही, एवढंच. पण सहा वर्षांनी उठायचं तर इतकी वर्षं का बसलो होतो, तेही सांगावं लागतं. म्हणून दारू का घेत नाही याचं कारण त्याने ॲसिडिटी असं ठेवलं होतं, आणि सर बिचारे दर वेळी आठवणीने त्याच्यासाठी सरबत करून ठेवायचे.

खरं कारण पंचशील होतं. रविवारी क्लेमेंटीला एका ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या खोलीत आठ-दहा बौद्ध कुटुंबं वंदनेला जमायची. त्यात पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. आणि विश्वाससाठी ते नुसतं तोंडपाठ शील नव्हतं. गावात दारूच्या दुकानावर बायकांचं मतदान झालं तेव्हा त्याची आई दारोदार फिरली होती, आडव्या बाटलीवर शिक्का मारा म्हणून. दुकानदाराच्या माणसांनी तिच्या अंगणात रिकाम्या बाटल्या आणून फोडल्या. तिने त्या काचा वेचल्या आणि पुन्हा फिरायला निघाली. दुकान बंद झालं. त्या बाईचा इंजिनिअर मुलगा परदेशात साहेबाच्या बियरला एकतीस लिटर पाणी मोजून देतो, हे तिला ठाऊक नव्हतं. घाण्याच्या शनिवारी तिचा फोन आला की तो ‘कामावर आहे,’ असं सांगायचा.

बायको हिराला मात्र सगळं ठाऊक होतं, आणि ती मनात ठेवणाऱ्यांतली नव्हती.

‘तुम्ही पीत नाही, खरंय,’ ती एकदा म्हणाली. ‘पण पाजता.’

‘मी फक्त पाणी मोजतो, हिरा.’

‘हो का. आणि आईंनी बाटली आडवी केली ती काय काच मोजायला?’

त्यांची बारा वर्षांची मुलगी अंजली सोफ्यावरून सिंगापुरी हेलात म्हणाली, ‘पप्पा स्मेल्स लाइक माइलो, लाह.’ माइलो हे तिथल्या पोरांचं सातूंचं चॉकलेटी पेय, आणि भिजलेल्या सातूंचा वास खरंच तसा येतो. त्या दिवसापासून तो घरी शिरला की आधी शर्ट बदलू लागला.

दिवस असे गेले असते. पण २०१४ सालच्या जूनअखेर त्याचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथे नोकरी करण्याचा परवाना, संपत होता. पास वाढवून मागायचा तो कंपनीने, आणि एचआर अर्ज पुढे सरकवणार सरांची सही झाल्यावर. जानेवारीत त्याने विषय काढला तर सर म्हणाले, ‘बघू रे, बजेटचं चाललंय.’ मार्चमध्ये म्हणाले, ‘आहे माझ्या डोक्यात.’ पास गेला तर तीस दिवसांत गाशा गुंडाळायचा, आणि अंजलीची सहावीची पीएसएलई परीक्षा सप्टेंबरात. तिथे ज्या परीक्षेवर पोरांच्या पुढच्या शाळा ठरतात ती हीच. तिने भिंतीवर तारखांचा तक्ता लावला होता आणि ती रोज एक चौकोन खोडत होती. विश्वास तो तक्ता बघायचा आणि शनिवारी बस पकडायचा. सही मागायला तोंड उघडायचं आणि तोंडातून निघायचं, ‘सर, आज चोथा जरा जास्त पितोय.’

एप्रिलअखेर दोन गोष्टी एका आठवड्यात झाल्या. क्लेमेंटीची खोली सांभाळणारा समीर, विद्यापीठात संशोधन करणारा तरुण मुलगा, फोनवर म्हणाला, ‘दादा, बुद्धपौर्णिमेला शील तुम्ही द्या. यंदा सगळ्यांची तशी इच्छा आहे.’ शील देणं म्हणजे पुढे उभं राहून एकेक ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती मागून म्हणायची; विश्वासला हा मान मोठा वाटला. तो हो म्हणाला. आणि दोनच दिवसांनी सर म्हणाले, ‘वेसाक डेची सुट्टी आहे मंगळवारी. त्या दिवशी काढू अठरावा घाणा. नवं पातेलं आणलंय, पन्नास लिटरचं.’ वेसाक डे म्हणजेच बुद्धपौर्णिमा. विश्वास म्हणाला, ‘बरं, सर.’

मग त्याने पळवाट काढली, गणितातून. जुन्या पातेल्याचं तोंड छत्तीस सेंटीमीटर, नव्याचं पंचेचाळीस. तोंड रुंद म्हणजे वाफ जास्त; दीडपटीहून थोडी अधिक, म्हणजे चारऐवजी सव्वासहा लिटर. एकूण पाणी सव्वातेहतीस. भिजवायचं किती, धुवायचं किती, कुठल्या मिनिटाला पट्टीवर किती दिसायला हवं, सगळं त्याने एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, फोटो काढला आणि सोमवारी सरांना व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली लिहिलं, ‘सर, हे बघून सहज होईल.’ सरांचं उत्तर आलं, ‘कागद छान. पण नव्या पातेल्याचा काय भरवसा? तू असलास की काळजी नाही. साडेआठला ये.’

वंदना अकराला होती. त्याने हिशोब मांडला. नऊला पाणी तापलं, दहाला चोथा निथळला, की पहिली उकळी पाहून सटकायचं. हिराला म्हणाला, ‘तू अंजलीला घेऊन पुढे हो. मी तिथूनच येतो.’ हिराने त्याचा पांढरा शर्ट इस्त्री करून दिला. ती भांडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

सरांकडे त्या दिवशी ऑफिसातली दोन माणसं बियर कशी होते ते बघायला येणार होती. ती साडेनऊला आली. मग पोहे झाले, चहा झाला. पाण्याखाली गॅस पेटला तेव्हा दहा वाजत आले होते. विश्वास पांढऱ्या शर्टवर सरांचा एप्रन बांधून, हातात पट्टी घेऊन उभा होता, आणि सर पाहुण्यांना सांगत होते, ‘हा आमचा पाण्याचा माणूस. याच्याशिवाय पान हलत नाही.’ पाहुणे हसले. विश्वासही हसला. स्वयंपाकघराला एकच खिडकी होती आणि तिच्यातून समोरच्या टॉवरची तसलीच खिडकी दिसत होती. सातू भिजत पडले की तासभर हलता येत नाही. पाणी ओतलं म्हणजे पुढचं सगळं त्याच्या वेळेने चालतं, तुमच्या नाही.

पावणेअकराला फोन वाजला. हिरा म्हणाली, ‘लोक जमलेत. निघालात का?’

‘निघतोय.’

‘म्हणजे नाही निघालात,’ ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तो थर्मामीटर धरून बसलेल्या सरांजवळ गेला. पाहुणे बाहेर बाल्कनीत होते. काय बोलायचं ते त्याने ठरवलं नव्हतं, पण आता ॲसिडिटीने भागणार नव्हतं.

‘सर, मला जायला हवं. आज आमची वंदना आहे, क्लेमेंटीला. शील मला द्यायचंय.’ आणि मग, सहा वर्षांत पहिल्यांदा, ‘आम्ही बौद्ध आहोत, सर.’

सरांनी थर्मामीटरवरून नजर काढली नाही. ‘माहीत आहे रे मला.’

‘काय?’

‘तू बौद्ध आहेस ते. दर वर्षी चौदा एप्रिलची रजा तू टाकतोस आणि सही मीच करतो ना. पहिल्या वर्षीच लक्षात आलं. मला असल्या गोष्टींचं काही नसतं. उलट बरंच झालं. पिणारा माणूस मोजता मोजता चाखत बसतो.’ त्यांनी आकडा वाचला, वहीत लिहिला. ‘आज बुद्धपौर्णिमा हेही मनात आलं होतं. म्हटलं, जमत नसेल तर सांगेल. तू काही बोलला नाहीस.’

विश्वासने हातातली पट्टी ओट्यावर ठेवली. काहीतरी विचारायचं म्हणून त्याने विचारलं, ‘सर, ते पासचं...’

‘अरे, ती सही एप्रिलमध्येच केली. एचआरने कळवलं नाही? कमाल आहे. दोन वर्षांचा मागितलाय, अडचण येणार नाही.’ सरांनी मान वर केली. चेहरा नेहमीसारखाच होता, मायाळू. ‘जा तू, उशीर होईल. कागद आहे तुझा, मी बघतो. जूनच्या पहिल्या शनिवारी काळी बियर करू, स्टाउट. येशील ना?’

‘हो, सर,’ विश्वास म्हणाला.

एप्रन काढून, खाली उतरून, टॅक्सीत बसल्यावर त्याला स्वतःचे शब्द ऐकू आले. विचारलं कसं होतं सरांनी? सहज. धमकी नाही, अट नाही. पास मिळाल्यातच जमा होता, अंजलीची परीक्षा इथेच होणार होती, आणि जे लपवलं होतं ते कधी लपलेलंच नव्हतं. त्याला अडवणारा एकही माणूस त्या स्वयंपाकघरात नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्याला इतका संताप आला की त्याने मुठी मांडीवर आपटल्या, आणि टॅक्सीवाल्या काकांनी आरशातून पाहिलं. संताप सरांचा असता तर बरं झालं असतं. फोन हातात होता, दोन ओळी लिहिल्या असत्या तरी झालं असतं: सर, जूनला नाही जमणार. त्याने सरांचं नाव उघडलं. वर त्याच्याच कागदाचा फोटो होता, सव्वातेहतीस लिटर. तो लिहायला लागला, थांबला, पुन्हा लिहायला लागला. टॅक्सी क्लेमेंटीच्या वळणावर आली तेव्हा त्याने काही न पाठवता फोन खिशात टाकला.

खोलीच्या दारात चपलांची रांग होती. वंदना सुरू झालेली होती. समोर मेणबत्त्या, फुलं, आणि माइकशिवाय उभी राहून शील देत होती अंजली. तो आला नाही म्हणून समीरने तिला उभं केलं होतं. पाली ओळी तिला विश्वासनेच रोज संध्याकाळी बसवून पाठ करून घेतलेल्या. घरी इंग्रजीशिवाय बोलायला कंटाळा करणारी पोरगी एकेक ओळ स्वच्छ म्हणत होती आणि तीसेक माणसं हात जोडून तिच्यामागून म्हणत होती. विश्वास मागच्या रांगेत हिराच्या शेजारी जाऊन बसला. हिराने त्याच्याकडे न पाहता थोडं सरकून जागा दिली.

चौथं शील झालं. अंजली पाचव्यावर आली. तिने ओळ म्हटली आणि खोलीने ती तिच्यामागून म्हटली. दीड वर्ष रविवारमागून रविवार विश्वासने ही ओळ म्हटली होती, कारण तेव्हा त्याला म्हणता येत होतं की काय करणार, पास आहे, पोरीची परीक्षा आहे, बोलायची सोय नाही. आता तसं काहीच उरलं नव्हतं. फक्त जूनचा पहिला शनिवार होता, आणि त्याने स्वतःहून दिलेला होकार. त्याचे हात जोडलेले होते. ओठ हलले नाहीत.

सगळ्यांचं म्हणून झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे अंजलीला त्यानेच शिकवलं होतं. ती थांबली. खोलीही थांबली. तिने मागच्या रांगेत बापाकडे पाहिलं, आणि पप्पा आत्ताच आलेत, त्यांना नीट ऐकू आलं नसेल, असं वाटून तिने तीच ओळ पुन्हा म्हटली, या वेळी सावकाश, शब्द सुटा करून, त्याच्या एकट्यासाठी.